ओट्याखालची नऊ दारं

सिंकखालचं दार शेवटचे काही महिने मी गुडघ्यानं रेटून लावत होते. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं दार ते. वरचं लॅमिनेट शाबूत, पण खालच्या कडेची पट्टी एका जागी सुटली आणि तिथून पाणी आत शिरलं. असा बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पहिल्या जाडीवर येत नाही. कड फुगली, बिजागरीचे स्क्रू हातानं ओढले तरी निघू लागले, आणि मग शेजारच्या दाराचंही तेच झालं. आतली खोकी मात्र प्लायवूडची आणि ठणठणीत होती. ती तशीच ठेवायची, फक्त दारं बदलायची, ती खऱ्या लाकडाची आणि स्वतःच्या हातानं केलेली असावीत, असं मी ठरवलं. एकूण नऊ दारं.

आई म्हणाली, "अगं, एक करून बघ आधी. जमलं तर बाकीची कर." तिचं ऐकलं हे फार बरं झालं.

लाकूडकाम मला अगदीच नवं नव्हतं. दोन स्टुलं केली होती, पुस्तकांची एक मांडणी केली होती. पण स्टुलात एक मिलिमीटर इकडचा तिकडं झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारी-शेजारी लागलेल्या दोन दारांमधली फट वर दोन मिलिमीटर आणि खाली चार असली, तर स्वयंपाकघरात पाऊल टाकताक्षणी नजर तिथंच जाते. दार सपाट हवं, काटकोनात हवं, आणि वर्षभर तसंच राहायला हवं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण लाकूड कापून झाल्यावरही हलायचं थांबत नाही.

एकच रुंद फळी कापून दार का करत नाहीत, याचं उत्तर यातच आहे. लाकूड हवेतला दमटपणा घेतं तेव्हा रुंदीत फुगतं आणि कोरड्या दिवसांत आकसतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रुंदीतही सगळीकडं सारखं हलत नाही: खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेनं जितकं हलतं, त्याच्या साधारण निम्मंच वर्तुळांना छेदून जाणाऱ्या दिशेनं हलतं. त्यामुळं अख्खी रुंद फळी बाक धरते, फुगून बाजूच्या दाराला घासते. जुन्या सुतारांनी यावर काढलेली तोड म्हणजे चौकट आणि पॅनेल. चार अरुंद पट्ट्यांची चौकट, तिच्या आतल्या कडेला चर, आणि त्या चरात सैल बसवलेलं पॅनेल. चौकट अरुंद, म्हणून दाराचं बाहेरचं माप फारसं बदलत नाही. पॅनेल रुंद, पण त्याला चरात हलायला जागा असते. दार कसं दिसावं यापेक्षा लाकडाला कुठं हलू द्यावं, या विचारातून हा आकार आला आहे. हे कळल्यावर मला ते जास्तच आवडायला लागलं.

पॅनेलभोवती नक्षी किंवा गोल्यांच्या पट्ट्या नकोत, हे मात्र मी आधीच ठरवलं होतं. स्वयंपाकघरात अशा प्रत्येक खोबणीत तेलकट धूळ बसते आणि ती पुसणारीलाच कळते. साधं, आत दबलेलं सपाट पॅनेल. या घडणीला आज सगळीकडं 'शेकर' म्हणतात. शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. त्या पंथाची काही माणसं १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेली. त्यांनी केलेलं फर्निचर इतकं साधं आणि नेटकं होतं की त्यांचं नाव दारांना चिकटलं.

मापं घेताना पहिला धडा मिळाला. खोकी काटकोनात असतील असं मी गृहीत धरलं होतं. कर्ण मोजले तेव्हा एका खोक्याच्या दोन कर्णांत पाच मिलिमीटरचा फरक निघाला. मग प्रत्येक खोक्याची रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीनदा घेतली. ६०० मिलिमीटर रुंदीच्या खोक्यावर दोन दारं बसणार होती. मधे ३ मिलिमीटर फट, दोन्ही बाहेरच्या कडांना दीड-दीड, म्हणजे एक दार २९७ रुंद. उंची ७१६. चौकटीच्या पट्ट्या ६० रुंद. आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना १० मिलिमीटरचं कुसू, म्हणजे पातळ केलेलं टोक, जे उभ्या पट्टीच्या चरात जाणार. म्हणून आडव्या पट्टीची लांबी २९७ वजा १२० अधिक २०, म्हणजे १९७. ही वजाबाकी मी तीन वेळा केली आणि तरीही पहिल्या दाराच्या वेळी कुसवाचे २० मिलिमीटर धरायला विसरले. आखूड पडलेल्या त्या दोन पट्ट्या अजून माझ्याकडं आहेत, क्लॅम्पखाली, म्हणजे सांधे आवळून धरणाऱ्या शिकंज्याखाली, ठेवायला वापरते.

त्यानंतर आकड्यांवरचा भरवसा कमी केला. एक सरळ काठी घेतली, ती खोक्यावर धरून तिच्यावरच खुणा केल्या आणि लाकूड त्या काठीवरून आखलं. टेपवरचा आकडा वाचताना, लक्षात ठेवताना आणि पुन्हा आखताना जी गफलत होते, ती यात होतच नाही.

पहिलं दार पाइनच्या स्वस्त फळ्यांचं केलं. फळ्या आणल्या त्याच दिवशी कापल्या, दुसऱ्या दिवशी चर मारले, तिसऱ्या दिवशी गोंद लावला. क्लॅम्पमधून काढून टेबलावर ठेवलं तर तीन कोपरे टेकले आणि चौथा चार मिलिमीटर वर राहिला. कर्ण अगदी सारखे होते. काटकोन चुकला नव्हता, दाराला पीळ पडला होता, आणि पीळ कर्णांच्या मापात दिसत नाही. तो बघायला दोन सरळ पट्ट्या लागतात. एक दाराच्या वरच्या टोकावर आडवी ठेवायची, दुसरी खालच्या, आणि खाली वाकून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. हे तपासायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, पण मला ते दार वाया गेल्यावर कळलं.

पीळ दोन कारणांनी पडला असावा असं मला वाटतं. एक म्हणजे लाकूड. फळी बाहेरून कोरडी लागली तरी आत ओल जास्त असते. ती चिरली की आतला भाग उघडा पडतो, वाळतो आणि वळतो. दुसरं म्हणजे क्लॅम्प. मी तिन्ही क्लॅम्प दाराच्या एकाच बाजूनं लावले आणि जीव खाऊन आवळले. त्यांच्या दांड्या वाकल्या आणि त्यांनी चौकटीलाही आपल्याबरोबर ओढलं.

खऱ्या दारांसाठी सागवान आणलं आणि या वेळी घाई केली नाही. ज्या घरात दारं लागणार, त्याच घरात फळ्या तीन आठवडे आडव्या रचून ठेवल्या, प्रत्येक दोन फळ्यांमधे बारीक पट्ट्या घालून, म्हणजे हवा चारी बाजूंनी खेळेल. ओल मोजायचं यंत्र सुरुवातीला १५ टक्के दाखवत होतं, तिसऱ्या आठवड्याअखेर ते ११ वर येऊन थांबलं. मग सगळ्या पट्ट्या मापापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठ्या कापल्या आणि पुन्हा आठवडाभर सोडून दिल्या. आई रोज त्या ढिगाला वळसा घालून जायची. एकदा म्हणाली, "लोणच्यासारखं मुरायला ठेवलंयस का लाकूड?" मी म्हटलं, "तसंच समज."

त्या आठवड्यात चौतीस-पस्तीस पट्ट्यांपैकी पाच वळल्या. त्या फेकायच्या नसतात. लांब पट्टीतला पीळ अर्ध्या लांबीत अर्धाच राहतो, म्हणून त्यांच्यातून छोट्या आडव्या पट्ट्या निघाल्या. सगळ्यात सरळ, दाट रेषांच्या पट्ट्या मी उभ्या बाजूंसाठी राखल्या. दाराचा सरळपणा त्या दोन उभ्या पट्ट्यांवरच असतो.

रंधा मारण्याबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकेन. आधी एक बाजू सपाट करायची, तिच्यावर पेन्सिलीनं खूण करायची. मग त्या बाजूला गुण्या लावून एक कड काटकोनात आणायची, तिच्यावरही खूण. पुढची सगळी मापं, सगळे चर, सगळी कुसवं फक्त या दोन खुणांवरून. सागवानात सिलिका असते आणि तिच्यामुळं पातं लवकर बोथट होतं. दर दोन पट्ट्यांनंतर मी पातं दगडावर घासत होते. पातं बोथट आहे हे आवाजावरून कळतं. धार असली की लांब, सलग साल वळत येते आणि आवाज कागद फाडल्यासारखा असतो. धार गेली की पातं खरवडू लागतं आणि रेषा उपटल्या जातात. त्या दिवसांत घरभर सागाचा वास होता, आणि दारं लागल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण त्याची आली.

धुळीचं मात्र मी सुरुवातीला मनावर घेतलं नव्हतं. सागाची धूळ काहींच्या त्वचेला आणि नाकाला त्रास देते. मला दोन दिवस शिंका आणि मनगटावर खाज. त्याहून गंभीर गोष्ट अशी की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली आहे. हे वाचल्यावर चांगला मास्क घेतला, घासायचं काम गच्चीवर नेलं आणि घरात झाडूऐवजी ओलं फडकं वापरलं. झाडूनं ती बारीक धूळ फक्त पुन्हा हवेत जाते.

चर ६ मिलिमीटर रुंद आणि १० खोल, राउटरनं, म्हणजे चर कोरायच्या यंत्रानं. प्रत्येक पट्टीची खूण केलेली बाजू टेबलाला टेकवूनच चालवायची. चर जाडीच्या बरोब्बर मध्यावर नसला तरी बिघडत नाही, कारण मग तो सगळ्या पट्ट्यांत सारखाच सरकलेला असतो आणि जोडल्यावर दर्शनी बाजू एका पातळीत येते. आडव्या पट्टीची कुसवं मी मुद्दाम केसभर जाड ठेवली आणि पटाशीनं उतरवत बसवली. हातानं दाबून आत जाईल, पण उलटी धरली तर आपोआप पडणार नाही, इतकी घट्ट. हातोडी लागत असेल तर जास्त घट्ट आहे आणि गोंद लावल्यावर ओलाव्यानं फुगून आणखी घट्ट होणार.

पॅनेलसाठी दोन-दोन फळ्या कडेला कड जोडल्या. सागवानाचा आणखी एक गुण म्हणजे त्यातलं तेल. तेच त्याला पाण्यात टिकवतं आणि तेच गोंदाला आड येतं. रंधा मारून दोन-चार दिवस ठेवलेल्या कडेवर तेल पुन्हा वर येतं. म्हणून कड ताजी रंधायची आणि त्याच दिवशी चिकटवायची. ते जमणार नसेल तर आधी अॅसिटोननं पुसून घ्यायची. फळ्यांची जाडी १२ मिलिमीटर, मागच्या बाजूनं कडा ६ पर्यंत उतरवल्या. रुंदीत १९७ मिलिमीटरची जागा होती, पॅनेल १९३ चं कापलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे. हा मोकळेपणा किती ठेवायचा ते महिन्यावर ठरतं. कोरड्या दिवसांत काम करत असाल तर लाकूड आकसलेलं असतं, फुगायला जास्त जागा हवी. भर पावसाळ्यात करत असाल तर ते आधीच फुगलेलं असतं.

गोंद लावायच्या दिवशी मी आईला मदतीला घेतलं. लाकडाचा पांढरा गोंद लावला की हातात थोडीच मिनिटं असतात आणि तेवढ्यात चार सांधे बसवून, कर्ण मोजून, पीळ बघून व्हायला हवं. त्याआधी सगळं कोरडंच एकदा जोडून बघितलं, क्लॅम्पची तोंडं मापावर उघडून ठेवली. पॅनेलच्या चारी कोपऱ्यांना मेणबत्ती घासली, म्हणजे सांध्यातून ओघळलेला गोंद त्याला चिकटणार नाही. गोंद फक्त कुसवांना. पॅनेलच्या बाजूच्या कडांना अजिबात नाही. नुसता एक थेंब वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यावर, म्हणजे पॅनेल मधोमध राहतं आणि दोन्हीकडं सारखं हलतं. या वेळी एक क्लॅम्प खालून, एक वरून, आणि आवळणं बेतानं. आई पट्ट्या ठेवून वाकून बघायची आणि सांगायची, "डावीकडं वर आहे, एवढंसं." पहिल्या दाराला आम्हाला धाप लागली. पाचव्यापर्यंत दोघींना एकमेकींना काही सांगावं लागत नव्हतं.

नऊपैकी एक दार तरीही पिळलंच, दीड मिलिमीटर. ते मी सिंकच्या बाजूच्या अरुंद खोक्याला दिलं आणि बिजागरीच्या स्क्रूंनी जितकं सावरता येतं तितकं सावरलं. आजही डोळा बारीक केला तर मला ते दिसतं.

बिजागरीचं भोक हे मी सगळ्यात घाबरत केलेलं काम. आतून बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीला ३५ मिलिमीटर व्यासाचं, साधारण १३ खोल भोक लागतं. दार २० जाड, म्हणजे खाली सात उरतात. भोकाची कड दाराच्या कडेपासून ५ मिलिमीटर, म्हणून मध्य साडेबावीसवर. ते भोक ४० मिलिमीटरवर संपतं आणि माझा चर ५० पासून सुरू होतो, म्हणजे दोघांमधे दहा मिलिमीटर लाकूड शिल्लक. पट्ट्या ६० ऐवजी ४५ च्या केल्या असत्या तर भोक थेट चरात गेलं असतं. नाजूक, अरुंद चौकट करायचा मोह मलाही झाला होता, पण बिजागरीची वाटी आधी कागदावर काढून बघितली म्हणून वाचले. हातातल्या ड्रिलनं पहिलं भोक सुरू करताना बिट घसरलं आणि लाकडावर अर्धचंद्र उमटला. सुदैवानं मागच्या बाजूला. त्यानंतर प्लायवूडच्या एका तुकड्याला ३५ चं भोक पाडून तो दारावर क्लॅम्पनं बसवला आणि त्याच्यातूनच बाकीची सतरा भोकं पाडली. बिटच्या दांड्यावर खोलीची चिकटपट्टी. खोक्यातल्या जुन्या बिजागऱ्यांच्या पट्ट्यांची भोकं पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर आणि एकमेकांपासून ३२ वर होती. हे बिजागऱ्यांचं जगभर चालणारं माप, म्हणून नव्या बिजागऱ्या तिथंच बसल्या.

घासणं १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १८० आणि मग २४०, नेहमी रेषांच्या दिशेनं. जिथं उभी आणि आडवी पट्टी भेटते तिथं रेषा काटकोनात वळतात. आडवी आधी घासायची, मग उभी, म्हणजे सांध्यापलीकडं गेलेले ओरखडे उभ्या घासण्यात पुसले जातात. वर पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन पातळ हात, मधे ३२० नं हलकं घासून. पुढच्या बाजूला जितके हात तितकेच मागच्या बाजूला. एकच बाजू बंद केली तर दुसरी हवेतली ओल घेत राहते आणि दार बाक धरतं. खालच्या कडेला मी एक हात जास्त दिला, कारण जुनं दार तिथूनच गेलं होतं.

जवसाच्या तेलाचा विचार मी आधी केला होता, रंग सुंदर येतो म्हणून. ज्यांना ते वापरायचं असेल त्यांनी एक गोष्ट नक्की पाळावी. तेलानं भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पसरून उघड्यावर वाळवावं, किंवा पाण्यात बुडवून झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावं.

दारं लावायला एक दुपार पुरली. बिजागरीला तीन स्क्रू असतात: एक दार डावीकडं-उजवीकडं सरकवतो, एक आत-बाहेर, एक वर-खाली. ज्या खोक्याचे कर्ण जुळत नव्हते तिथं सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन्ही दारं खोक्याशी जुळवायचा प्रयत्न सोडून ती एकमेकांशी आणि ओट्याच्या कडेशी जुळवली, तेव्हा फट सरळ झाली. खोकं वाकडं आहे हे आता फक्त दार उघडल्यावर कळतं. आईनं सिंकखालचं दार उघडलं, एका बोटानं लोटलं, ते लागलं. तिनं ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लोटलं.

आता वर्ष होऊन गेलंय. पावसाळ्यात एकही दार घासलं नाही, फटी जवळपास तेवढ्याच राहिल्या. थंडीच्या कोरड्या दिवसांत मात्र पहिल्या दोन दारांवर पॅनेलच्या दोन्ही बाजूंना उभ्या फिकट रेघा दिसू लागल्या. पॅनेल आकसलं आणि चरात लपलेली, पॉलिश न लागलेली कड बाहेर आली. ती दोन दारं मी जोडल्यावर रंगवली होती. नंतरच्या सात दारांची पॅनेलं जोडायच्या आधीच रंगवली, म्हणून तिथं आकसलेली कडही त्याच रंगाची दिसते. चिकटवलेल्या चौकटीतून पॅनेल आता निघणार नाही. मी बारीक ब्रश घेऊन त्या रेघांवर दोन हात दिले, आणि ते त्याच आठवड्यात उरकलं, कारण हवा दमट झाली की त्या रेघा पुन्हा चरात जाणार होत्या.

खणांच्या पुढच्या फळ्या अजून जुन्याच आहेत. त्यांच्यासाठीचं सागवान सध्या पट्ट्यांवर रचलेलं आहे, यंत्र १३ दाखवतंय.